असील आणि गावठी : साष्टीच्या परसातील कोंबडीचा इतिहास

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही स्थाने आज महानगराची उपनगरे म्हणून ओळखली जात असली, तरी त्यांच्या इतिहासाचा मोठा भाग भातशेती, मिठागरे, मासेमारी आणि वाड्या यांचा आहे. साष्टीचा इतिहास लिहिताना जमिनीला आणि रेल्वेला जे स्थान मिळाले, ते परसातील कोंबडीला मिळाले नाही. तथापि गावाचे उपनगर कसे झाले, हे या सामान्य पक्ष्याच्या नावांवरूनही पुष्कळसे उलगडते.

कोंबडा व भाषा यांचा संबंध या देशात जुना आहे. ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत या मात्राभेदांसाठी पाणिनीने उकाराचाच आधार घेतला. कोंबड्याच्या आरवण्यात हे तीनही कालभेद क्रमाने ऐकू येतात, असे त्याचे कारण व्याकरणाच्या परंपरेत सांगितले जाते. पक्ष्याचा वंशही बहुतांशी आशियाई आहे. तांबडा रानकोंबडा हा त्याचा मुख्य पूर्वज होय, हे डार्विनने १८६८ मध्ये प्रतिपादिले. मात्र कातडीच्या व पायांच्या पिवळ्या रंगाचे जनुक सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ मधील संशोधनाने दाखविले.

पाळीव कोंबडीच्या कुळाविषयी मराठीत दोन शब्द विशेष अर्थपूर्ण आहेत. ‘असील’ हा अरबी शब्द ‘अस्सल’चा सगोत्र असून कुलीनता दर्शवितो. झुंजीसाठी जोपासलेल्या जातीला तो लागला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरविले आणि त्या जातीच्या संगोपनाचा मूळ हेतूच कायद्याबाहेर गेला. दुसरा शब्द ‘गावठी’. हा वंशवाचक नसून स्थलवाचक आहे. ‘गावठाण’ आणि ‘गावठी’ यांच्या मुळाशी ‘गाव’ हा एकच शब्द आहे.

साष्टीच्या परसात वावरली ती मुख्यतः ही दुसरी. कोळी, आगरी, भंडारी व ईस्ट इंडियन घरांमागे आठ-दहा माद्या व एखादा नर एवढाच पसारा असे. रात्री खुराडे आणि दिवसा मोकळे अंगण. तांदळाची कणी, कोंडा व किडेमुंगी हे खाद्य. त्यांपासून मिळणारी चिल्लर मिळकत बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राही. पाहुणा, सण व नवस यांची सोयही त्यातूनच होई. वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी हे उत्पन्न थोडे खरे. परंतु मादी खुडूक होऊन अंड्यांवर बसे आणि एकवीस दिवसांनी पिले काढी. म्हणजे हा कळप आपली पुढील पिढी स्वतःच निर्माण करीत असे. तलंग केव्हा अंड्यावर येईल आणि कोणत्या खुडुकीखाली किती अंडी ठेवावीत, हे ज्ञान पुस्तकात नव्हते, बोलीत होते.

अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. शेतीच्या जागी वसाहती आल्या, गावठाणे चहूबाजूंनी वेढली गेली आणि अंगणे आक्रसली. याच काळात सरकारी कुक्कुटविकासाचा भर अधिक अंड्यांवर होता. त्याचे एक केंद्र साष्टीतच, आरे वसाहतीत, उभे राहिले. इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावावरून ओळखली जाणारी लेगहॉर्न कोंबडी वर्षाला गावठीच्या तिपटीहून अधिक अंडी देई; परंतु निवडीने तिची खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली होती. गावठीचा जो गुण, तोच येथे दोष ठरला. पिलांसाठी उबवणी यंत्र अनिवार्य झाले आणि कळपाची सूत्रे परसातून कारखान्याकडे गेली. मांसासाठीच्या ‘ब्रॉयलर’ला लोकांनी ‘बॉयलर’ केले. या अपभ्रंशात यंत्रयुगाची छाया नकळत उमटली आहे.

बदलाचे श्रेय नाकारता येत नाही. मानमोडी रोगात परसातील संपूर्ण कळप दोन-चार दिवसांत नष्ट होई. लसीकरणाने ते संकट पुष्कळसे आटोक्यात आणले, आणि स्वस्त अंडे सामान्य कुटुंबाच्या ताटात आले. परंतु २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा व्यावसायिक शेडांबरोबर परिसरातील परसातले पक्षीही मारावे लागले. असा स्थानिक वंश एकदा तुटला, तर तो कोणत्याही उबवणी केंद्रातून परत आणता येत नाही.

असील, कडकनाथ व गुजरात-महाराष्ट्र सीमेवरील बुसरा या जातींची राष्ट्रीय स्तरावर नोंद आहे. साष्टीच्या गावठीला मात्र स्वतंत्र जातिनाम लाभले नाही, आणि जिला नाव नाही तिच्या रक्षणाची योजना आखणे कठीण जाते. आज उपनगरांच्या बाजारात ‘गावठी’ हे विशेषण अंड्याचा चढा भाव सांगते. त्यामागचे गाव बहुतेक ठिकाणी उरलेले नाही. जेथे जुन्या गावठाणातील एखाद्या परसात खुडूक कोंबडी अजून अंड्यांवर बसते, तेथे वंश आणि शब्द दोन्ही नोंदविण्याची संधी आहे. त्यांपैकी शब्द कोशात जपता येईल. वंशाला अंगणच लागते.