गंज-इ-सवाई जहाजाची लूट व तिच्याविषयीच्या साक्षी

गंज-इ-सवाई : मोगल बादशाह औरंगजेब याच्या मालकीचे, सुरत बंदरातील सर्वांत मोठे जहाज. सुरतेहून मोखा व जिद्दा या बंदरांकडे ते व्यापारी माल व हज यात्रेकरू नेत असे. सप्टेंबर १६९५ मध्ये परतीच्या प्रवासात, सुरत बंदर टप्प्यात आले असता, हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते पकडून लुटले. इंग्रजी कागदपत्रांत त्याच्या नावाचा ‘गन्सवे’ असा अपभ्रंश आढळतो. मोगल इतिहासकार, ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी व स्वतः चाचे अशा तीन पक्षांनी या घटनेविषयी लिहून अथवा सांगून ठेवले आहे. जहाजावरील प्रवाशांची साक्ष मात्र कोणत्याही न्यायालयात झाली नाही. समुद्रावरील गुन्ह्याची शहानिशा कशी होते व कोठे अडते, याचे हे प्रकरण बोलके उदाहरण होय.

एव्हरी मूळचा ‘चार्ल्स द सेकंड’ या इंग्रज जहाजावरील अधिकारी. स्पेनमधील ला कोरून्या बंदरात वेतन थकल्यामुळे असंतुष्ट झालेल्या खलाशांना हाताशी धरून मे १६९४ मध्ये त्याने ते जहाज बळकावले व त्यास ‘फॅन्सी’ असे नाव दिले. आफ्रिकेला वळसा घालून तो तांबड्या समुद्राच्या मुखाशी आला. तेथे आणखी काही चाचे त्यास मिळाले. प्रथम त्यांनी सुरतेचा धनाढ्य व्यापारी अब्दुल गफूर याचे ‘फतेह मुहम्मद’ हे जहाज लुटले आणि त्यानंतर गंज-इ-सवाई गाठले.

लुटीचा सर्वांत तपशीलवार फार्सी वृत्तांत खाफीखानाच्या मुन्तखब-उल्-लुबाब या ग्रंथात आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जहाजावर ८० तोफा, ४०० बंदुका आणि मालाच्या विक्रीतून आलेले ५२ लाख रुपयांचे सोने-चांदी होते. चाच्यांच्या जहाजाची शस्त्रसामग्री त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीही नव्हती. तथापि प्रारंभीच बादशाही जहाजावरील एक तोफ फुटून तीन-चार माणसे ठार झाली. त्याच सुमारास शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी निकामी केली. हे पाहून चाचे तलवारी उपसून जहाजावर चढले. कप्तान इब्राहिमखान प्रतिकार न करता तळघरात पळाला, असे खाफीखान लिहितो. त्यानंतर सुमारे आठवडाभर जहाजाची झडती व लूट चालली. प्रवाशांचा छळ व स्त्रियांची विटंबना झाली आणि काही स्त्रियांनी समुद्रात उड्या टाकून अथवा शस्त्राने आत्मघात केला.

खाफीखान स्वतः त्या जहाजावर नव्हता आणि त्याचा ग्रंथही बऱ्याच वर्षांनंतर पूर्ण झाला. त्यामुळे त्याचे आकडे व कप्तानावरील ठपका सावधपणे घ्यावा लागतो. परंतु तो या घटनेस सर्वथा परकाही नव्हता. त्या काळात तो राहिरीचा (रायगडचा) मोगल फौजदार अब्दुर रझ्झाक याच्यासाठी सुरतेहून माल नेत होता. वाटेत मुंबईस त्याने तेथील इंग्रज अधिकाऱ्याची भेट घेऊन या लुटीचा विषय काढला असता, ते लोक आपल्या आज्ञेतील नव्हेत, असा बचाव त्यास ऐकावयास मिळाला.

या बचावाचे मोल कंपनीच्याच पत्रव्यवहारावरून ठरविता येते. मुंबईतील कंपनीचा प्रमुख सर जॉन गेअर याने ऑक्टोबर १६९५ मध्ये लिहिलेल्या पत्रात चाच्यांनी द्रव्याचा ठाव काढण्यासाठी प्रवाशांचे अमानुष हाल केले, बादशाहाच्या नात्यातील एका वृद्ध उमराव-पत्नीची विटंबना केली आणि काही स्त्रियांनी प्राण दिले, असे नमूद केले आहे. गेअरची माहितीही ऐकीव होती; परंतु आपल्याच देशबांधवांविरुद्ध असे लिहिण्यात कंपनीचे हित नव्हते, म्हणून या पत्रास विशेष पुरावामूल्य आहे. बादशाहाच्या कन्येशी अथवा नातीशी एव्हरीने विवाह केल्याची पुढे इंग्लंडमध्ये पसरलेली कथा मात्र निराधार आहे.

लुटीची वार्ता कळली, तेव्हा औरंगजेबाची छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरी (मंगळवेढ्यानजीक माचणूर) येथे होती. त्याच्या हुकुमाने सुरतेच्या वखारीचा प्रमुख सॅम्युएल ॲनस्ली व इतर इंग्रज यांना अटकेत ठेवण्यात आले. मुंबईवर चाल करण्याची तयारी करावी, असा आदेश जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान यास मिळाला. कित्येक महिन्यांनंतर, १६९६ मध्ये, कैद्यांची सुटका झाली. यात्रेकरूंच्या जहाजांना सशस्त्र संरक्षण देण्याची जबाबदारी कंपनीस पत्करावी लागली.

इंग्लंडमध्ये सरकारने एव्हरीस पकडून देणाऱ्यास ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. तो कधीच सापडला नाही. मात्र त्याचे काही साथीदार हाती लागले. जॉन डॅन याच्या अंगरख्यात शिवलेली सोन्याची नाणी रॉचेस्टर येथील खाणावळीच्या मोलकरणीने पाहिल्यामुळे तो पकडला गेला. डॅन व फिलिप मिडल्टन हा तरुण खलाशी यांनी ऑगस्ट १६९६ मध्ये जबान्या दिल्या व ते माफीचे साक्षीदार झाले. लुटीचा मार्ग, जहाजांचा क्रम व द्रव्याची वाटणी यांविषयी त्यांच्या जबान्या मौलिक आहेत. स्वतः प्रवाशांवर केलेल्या अत्याचारांसंबंधी मात्र त्या फारशा बोलत नाहीत.

लंडनमधील ओल्ड बेली न्यायालयात १९ ऑक्टोबर १६९६ रोजी सहा जणांवर गंज-इ-सवाईच्या लुटीचा आरोप ठेवण्यात आला. ज्यूरीने त्यांस निर्दोष ठरविले. न्यायाधीशांनी या निर्णयाबद्दल उघड नापसंती दर्शविली आणि ‘चार्ल्स द सेकंड’ जहाज बळकावल्याचा नवा आरोप ठेवून ३१ ऑक्टोबर रोजी फेरसुनावणी घेतली. या वेळी मात्र आरोपी दोषी ठरले. जोझेफ डॉसन याची शिक्षा स्थगित झाली व उरलेल्या पाच जणांना २५ नोव्हेंबर १६९६ रोजी फाशी देण्यात आले. त्यांपैकी जॉन स्पार्क्स याने अखेरच्या क्षणी भारतीय जहाजांवर केलेल्या क्रौर्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला.

खाफीखानाचा वृत्तांत, गेअरचे पत्र व स्पार्क्सचा कबुलीजबाब ही परस्परांपासून दूर असलेल्या व्यक्तींची कथने अत्याचारांच्या मुद्द्यावर एकमेकांस पुष्टी देतात. इतिहासाच्या दृष्टीने तो गुन्हा सिद्ध आहे. कायद्याच्या दृष्टीने गंज-इ-सवाईच्या आरोपातून आरोपी सुटलेच. ज्यांनी ते दिवस भोगले, त्या यात्रेकरूंची व विशेषतः स्त्रियांची नावेही या कागदपत्रांत आढळत नाहीत. त्यांची हकीकत इतरांच्या तोंडूनच आपणापर्यंत पोहोचली आहे.