‘कौन्सिलचे सदस्य’ म्हणजे नक्की कोणत्या सभागृहाचे?

‘डॉ. आंबेडकर १९२७ साली मुंबई विधान परिषदेचे सदस्य झाले आणि १९३७ मध्ये विधानसभेवर निवडून गेले.’ हे वाक्य तुम्ही वाचलेलं असणार, शाळेच्या पुस्तकात नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये. दोन्ही सालं बरोबर आहेत, नावंही तशी बरोबर आहेत. तरीही आजच्या अर्थाने वाचलं तर वाक्य दिशाभूल करतं. वाटतं की ते आधी वरच्या सभागृहात होते आणि मग खालच्या सभागृहात आले. असं काही घडलेलंच नाही, कारण १९२७ मध्ये मुंबई प्रांताला ‘वरचं सभागृह’ नव्हतंच.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटच्या तयारीत असाल आणि विषय शोधत असाल. आधुनिक महाराष्ट्रावर काहीही करायचं ठरवलंत, पाणी, शेतसारा, शिक्षण, कामगार, तरी कधी ना कधी कौन्सिलच्या कामकाजापाशी येऊन पोचाल. म्हणून आज या एका शब्दाबद्दल लिहितोय.

१८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला होता. तो १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने परत मिळाला आणि १८६२ मध्ये मुंबईचं कौन्सिल कामाला लागलं. गव्हर्नर अध्यक्ष, सगळे सदस्य नेमलेले, त्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मोजके हिंदी लोक. प्रश्न विचारायचा नाही, अंदाजपत्रकाबद्दल बोलायचं नाही; समोर ठेवलेल्या विधेयकापुरतंच काम. १८९२ च्या कायद्यानंतर प्रश्न विचारता यायला लागले आणि अंदाजपत्रकावर चर्चा करता यायला लागली, मतदान मात्र नाही. सदस्यत्वाची पद्धतही मजेशीर होती. नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ यांनी नाव सुचवायचं आणि सरकारने ‘नेमणूक’ करायची. व्यवहारात ती निवडणूकच, पण कायद्यात तो शब्द टाळलेला. टिळक १८९५ मध्ये याच वाटेने मध्य विभागातून कौन्सिलात गेले.

१९१९ च्या कायद्याने चित्र बदललं. मुंबई कौन्सिल शंभरावर सदस्यांचं झालं, बहुसंख्य निवडलेले. मराठा आणि त्यांच्या जवळच्या जातींसाठी सात जागा राखीव, मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ, विद्यापीठाच्या पदवीधरांसाठी एक जागा (क. मा. मुन्शी १९२७ मध्ये याच जागेवरून आले). अस्पृश्य समाजाला मात्र निवडणूक नाही, सरकारी नेमणूक. १९२७ मध्ये त्या जागांवर दोघे जण होते, डॉ. आंबेडकर आणि डॉ. पु. गो. सोळंकी.

आता मुद्दा असा की १८६२ पासून इथपर्यंत हे एकच सभागृह होतं. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव याच कौन्सिलात मंजूर करून घेतला. पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला आणि तो कागदावरच राहिला म्हणून मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. बोले ठरावाला कुणी ‘विधान परिषदेचा ठराव’ असं आजच्या अर्थाने समजलं तर दोन घोटाळे होतात. एक, खालच्या सभागृहात यावर काय झालं ते शोधण्यात आठवडे जातात, आणि सापडत काही नाही, कारण तसं सभागृह नव्हतं. दुसरा जास्त गंभीर आहे. ठरावाचं वजन कमी वाटायला लागतं, ज्येष्ठांच्या सभागृहाने केलेली एक शिफारस, एवढंच. खरं तर प्रांतात जेवढं म्हणून कायदेमंडळ होतं, त्या सगळ्याचा तो ठराव होता. कायदा नव्हता हे खरं, पण मागे कोण उभं होतं ते वेगळं निघतं.

१९३५ च्या कायद्याने सहा प्रांतांत दोन सभागृहं आणली: मद्रास, मुंबई, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम. मुंबईत नवी असेम्ब्ली १७५ जणांची. आणि नव्या, छोट्या वरच्या सभागृहाला नाव दिलं ते जुनंच, लेजिस्लेटिव्ह कौन्सिल. घोळाचं मूळ इथे आहे. १९३७ पर्यंतच्या कौन्सिलचा खरा वारस ही असेम्ब्ली; नाव मात्र दुसऱ्याच भावंडाने घेतलं. मराठीत आपण दोन्हींना ‘विधान परिषद’ म्हणून मोकळे होतो. त्या काळची मराठी वर्तमानपत्रं ‘कायदे कौन्सिल’ म्हणायची. मी तर सुचवेन की १९३७ आधीच्या लेखनात तुम्हीही तोच शब्द वापरा.

हे नवं वरचं सभागृह कुणाचं होतं ते आकड्यांतच दिसतं. कमीत कमी २९ आणि जास्तीत जास्त ३० सदस्य. २० सर्वसाधारण जागा, ५ मुसलमान, १ युरोपियन, बाकी तीन किंवा चार गव्हर्नरने नेमायचे. मताधिकार वरच्या मालमत्तेच्या लोकांपुरता. पुणे कराराप्रमाणे असेम्ब्लीत दलितांसाठी १५ राखीव जागा होत्या, कौन्सिलात एकही नाही. ही गोष्ट पुढे संविधानातही तशीच राहिली: अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा विधानसभेत आहेत, विधान परिषदेत नाहीत. यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं याचं मला नवल वाटतं.

संविधान सभेत वरच्या सभागृहाबद्दल उत्साह बेताचाच होता. ज्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींनी वेगळं बसून ठरवायचं, असं झालं. मुंबईने ‘हवं’ म्हटलं. मध्य प्रांत-वऱ्हाडने ‘नको’ म्हटलं, आणि आसामने तर असलेलं सोडलं. हैदराबाद राज्यातही परिषद नव्हती. म्हणजे विदर्भ आणि मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आले तेव्हा विधान परिषद ही तिथल्या लोकांसाठी नवीनच वस्तू होती. १९६० मध्ये राज्य दुभंगलं, परिषद महाराष्ट्राकडे राहिली, गुजरातने ती घेतलीच नाही.

आता सध्याच्या ७८ जागांकडे येऊ. माझं एम.एस्सी. सांख्यिकीत झालंय, त्यामुळे अपूर्णांक दिसले की हात शिवशिवतात. अनुच्छेद १७१ म्हणतं: साधारण एक-तृतीयांश स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, एक-बारांश पदवीधरांकडून, एक-बारांश शिक्षकांकडून, एक-तृतीयांश विधानसभा सदस्यांकडून, उरलेले राज्यपालनियुक्त. कागद घ्या आणि करून बघा. ७८ चे २६, साडेसहा, साडेसहा, २६, उरले १३. प्रत्यक्षात काय आहे? स्थानिक संस्था २२, पदवीधर ७, शिक्षक ७, विधानसभा ३०, नियुक्त १२.

साडेसहाचे सात होणं समजू शकतं. पण २६ च्या जागी एकीकडे २२ आणि दुसरीकडे ३०, याला नुसतं ‘साधारण’ म्हणून चालणार नाही. उत्तर त्याच अनुच्छेदात एक पायरी वर आहे. पोटकलम २ सांगतं की संसदेने कायद्याने वेगळी तरतूद करेपर्यंतच हे अपूर्णांक. खरी संख्या लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या तिसऱ्या अनुसूचीत राज्यवार दिलेली आहे. तिथे कर्नाटकात ७५ पैकी दोन्हीकडे २५-२५ आहेत, नियमाला धरून. बिहारात ७५ पैकी २४ आणि २७. महाराष्ट्रातलं अंतर या दोघांपेक्षा मोठं. कितीतरी गाइडांमध्ये महाराष्ट्राचे आकडे आणि संविधानाचे अपूर्णांक एकाच पानावर छापलेले असतात आणि ते जुळत नाहीत याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

फरक चारच जागांचा आहे, पण परिणाम बघा. सूत्राप्रमाणे आमदारांनी निवडलेले २६ आणि नियुक्त १३ मिळून ३९, म्हणजे बरोबर अर्धं सभागृह. प्रत्यक्षात ३० आणि १२ मिळून ४२, अर्ध्याहून जास्त. मग परिषद सरकारच्याच खिशात, असं म्हणायचं का? इथे थांबा. विधानसभा सदस्य मतदान करतात ते एकल संक्रमणीय पद्धतीने, पसंतिक्रम देऊन, त्यामुळे त्या ३० मध्ये विरोधकांचाही वाटा निघतो. ४२ हा आकडा ‘विधानसभा आणि मंत्रिमंडळ यांच्यामार्फत आलेले’ इतकंच सांगतो, ‘सरकारी बाजूचे’ असं नाही. त्यासाठी प्रत्येक द्वैवार्षिक निवडणुकीचे निकाल मांडून बसावं लागेल. एम.फिल. असतं तर त्याला पुरेल एवढं काम आहे.

पदवीधर मतदारसंघ हा तर तुमच्या घरचाच विषय. पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील आणि तुम्ही त्या विभागात राहत असाल तर तुम्ही पात्र. पण विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही, आणि मागच्या वेळी नोंदवलं होतं हेही पुरत नाही. दर निवडणुकीआधी यादी नव्याने करतात. अभ्यासकाने यातली मेख ओळखावी. ‘इतके टक्के मतदान झालं’ म्हणतात तेव्हा भागाकार नोंदलेल्या पदवीधरांनी केलेला असतो, विभागातल्या सगळ्या पदवीधरांनी नाही. नोंदणी कोण करवून घेतं? बहुतेक वेळा उमेदवार आणि त्यांच्या संघटनाच. म्हणजे मतदार उमेदवाराला निवडायच्या आधी उमेदवार मतदार गोळा करत असतो. आणखी एक गंमत: या जागेवर उभं राहणारा पदवीधर असायलाच हवा असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ते स्पष्ट केलंय.

शिक्षकांच्या बाबतीत माध्यमिकच्या खाली मताधिकार नाही. गेल्या सहा वर्षांत मिळून तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं हवं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजी-बाईंना ‘शिक्षक’ आमदार निवडता येत नाही. हा नियम मला पटत नाही, पण माझ्या पटण्यापेक्षा तो कुठल्या युक्तिवादाने आला हे कुणी संविधान सभेच्या चर्चांमधून नीट मांडलं तर जास्त उपयोग होईल.

नियुक्त १२ जणांसाठी संविधानात पाच क्षेत्रं आहेत: साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ, समाजसेवा. राज्यसभेच्या यादीत सहकार नाही, हे अनुच्छेद ८० शेजारी ठेवून वाचा. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर याच वाटेने आत आले. परिषद नुसती शोभेची, असं म्हणणाऱ्यांसाठी वि. स. पागे यांचं नाव पुरेसं आहे. १९६० ते १९७८ इतका काळ ते सभापती होते आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्र्यांना सहा महिन्यांत सदस्य व्हायची सोय म्हणूनही परिषद वापरली गेली: २०११ मध्ये पृथ्वीराज चव्हाण, मे २०२० मध्ये उद्धव ठाकरे.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट. ‘सदस्यसंख्या ७८’ ही मंजूर संख्या आहे, बसलेल्यांची नाही. राज्यपालनियुक्त १२ जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने नावं पाठवली, ती राजभवनातच राहिली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०२२ मध्ये नव्या सरकारने यादी परत घेतली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांनी शपथ घेतली. सातच. त्याच काळात महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या. निवडून देणारे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यच नाहीत म्हणून स्थानिक संस्थांच्या २२ पैकी अनेक जागाही रिकाम्या राहिल्या. या वर्षांमधल्या एखाद्या विधेयकावरच्या मतदानाचा अभ्यास करणार असाल तर तक्त्यात मंजूर जागा आणि त्या दिवशी भरलेल्या जागा असे दोन रकाने करा, आणि दुसरा रकाना त्या अधिवेशनाच्या कामकाजातूनच भरा.