ड्रायरमधला गेंडा

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की लोक एक तर हसतात, नाहीतर आपल्या घरातली बिघडलेली मिक्सरं दाखवतात. घरगुती विजेची उपकरणं आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास, असा तो विषय. त्यामुळे पनवेलच्या मावशीचा जुलैत फोन आला, "अगं, ड्रायर बोंबलतोय, तूच ये बघायला", तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. मावशी ज्याला ड्रायर म्हणते ते परदेशी अर्थाने ड्रायर नाहीच. ते सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचं उजवीकडचं छोटं टब. तिकडचा ड्रायर गरम हवेने कपडे वाळवतो. त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून फ्रान्सच्या पोशाँचं नाव घेतात. साधारण १८०० च्या सुमारास त्याने भोकं पाडलेला डबा विस्तवावर हाताने फिरवायची युक्ती काढली. पुढे अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसनने १८९२ मध्ये शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या सांगाड्याचं पेटंट घेतलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडे पावसाळ्यात बाळाची दुपटी वाळवायला शेगडीवर टोपली पालथी घालत, ती दुसरं काय होती? पेटंट तेवढं कोणी घेतलं नाही.

आपला ड्रायर मात्र कपडे तापवत नाही, गरगर फिरवून पाणी झटकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसारख्या कंपन्यांनी वॉशिंग मशीन मध्यमवर्गीय घरांत पोचवायला सुरुवात केली. तेव्हा जाहिरातींतून "कपडे वाळतात" असंच लोकांच्या कानांवर पडलं आणि शब्द चिकटला. पनवेलसारख्या गावात तो खटकलाही नाही. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की दोरीवरची जीन्स तीन दिवसांनीही ओली लागते आणि वर कुबट वास. तिथे अर्धं पाणी आधीच निघालं तरी बायकांचा जीव भांड्यात पडायचा.

मावशीचं मशीन १९९७ चं. वॉरंटी कार्ड अजून कपाटात आहे, कंपनीचा बिल्ला मात्र गळून पडलाय. भाच्याने एक्स्चेंजमध्ये नवीन घ्यायचं ठरवूनच टाकलं होतं. शनिवारी माणूस न्यायला येणार होता. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस.

तुमच्याकडे असं जुनं मशीन असेल तर एक करा: आवाज "येतो" एवढंच म्हणू नका, तो कधी येतो ते ऐका. सुरू होताना, पूर्ण वेगात असताना की थांबताना? सुरुवातीलाच धडधड असेल तर बहुतेक वेळा कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात किंवा मशीन सपाट उभं नसतं. नुसता घूं आवाज आणि टब जागचं हलत नाही, तर संशय कंडेन्सरवर, नाहीतर अडकलेल्या ब्रेकवर. पूर्ण वेगात किर्र होत असेल तर टबाखालच्या रबरी सीलमधून पाणी झिरपून बेअरिंग गंजलेलं असू शकतं. मी रिकामं टब फिरवलं. वेग चढताना आणि उतरताना खर्र-टक, खर्र-टक. मध्ये जवळजवळ शांत.

मावशीला विचारलं, कधीपासून? "गेल्या गणपतीपासून. त्याआधी कधी नाही."

मी बेअरिंगचं निदान करून मोकळी झाले. चुकले. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाचे दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी प्लग काढला, मशीनला कान लावला, हाताने टब हळूच फिरवलं आणि म्हणाले, "ताई, खाली काहीतरी बसलंय." टब काढल्यावर बाहेरच्या टबाच्या तळाशी सापडलं ते पंचवीस पैशांचं नाणं. स्टीलचं, गेंड्याचं चित्र असलेलं, १९९४ सालचं.

आता इथे माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली. चार आणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, खिशातून तर त्याच्याही आधी. (कोणी आठवण म्हणून जपलं असेल, हे नाकारत नाही.) म्हणजे हे नाणं बहुधा दहाएक वर्षं तरी तिथे गुपचूप पडून होतं. मग आवाज गेल्या गणपतीपासूनच का? पुरावा घटनेपेक्षा जुना असेल तर तो पुरावा कारण म्हणून अपुरा पडतो. मधे दुसरं काहीतरी बदललेलं असतं.

काकांना हे वेगळ्या भाषेत आधीच कळलं होतं. या मशीनमध्ये ड्रायरची मोटर तीन स्प्रिंगांवर बसलेली असते आणि फिरणारं टब मोटरच्या दांड्यावर. बाहेरचं टब मात्र बॉडीला पक्कं. स्प्रिंगा आणि त्यांची रबरं दमली की मोटर खाली बसते, तिच्याबरोबर आतलं टबही. दोन टबांमधली फट कमी होते आणि इतकी वर्षं बिनबोभाट पडलेला गेंडा घासायला लागतो. वेग चढता-उतरताना टब जास्त डुलतं, म्हणून आवाज तेव्हाच. एक स्प्रिंग गंजून जवळजवळ तुटलेली निघाली.

पण काका नाण्यावर खूश नव्हते. त्यांनी फिरतं टब असताना झाकण उघडायला लावलं. मोटर बंद झाली, टब मात्र फिरतच राहिलं. "घर्र आवाज आला का? यायला पाहिजे." झाकण उघडलं की ब्रेक चाकाला धरतो आणि काही सेकंदांत टब थांबतं. तो ब्रेक कधीच निकामी झाला होता. जो आवाज यायला हवा तो येत नव्हता आणि त्याची तक्रार कोणीच केली नव्हती, कारण न येणारा आवाज कोणाला त्रास देत नाही. मावशीचा चार वर्षांचा नातू रोज त्या झाकणाशी खेळतो. फिरत्या टबातल्या कपड्यात बोटं अडकली की काय होतं, हे काकांनी सांगायला सुरुवात केली आणि मावशीने त्यांना हाताने थांबवलं.

माझ्या प्रबंधात "दुरुस्ती-कारागिरांचं श्राव्य ज्ञान" असं एक जडजंबाल प्रकरण आहे. ते लिहिताना मी कॅटलॉग आणि सर्व्हिस मॅन्युअल चाळत होते. त्यात येणाऱ्या आवाजांची यादी आहे, न येणाऱ्यांची नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळावी हा हेतू चांगलाच आहे. काकांचा कान त्या पोर्टलवर कसा चढवायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

तिन्ही स्प्रिंगा, रबरं आणि ब्रेक एका तासात बदलून झाले. शनिवारी एक्स्चेंजवाला आला, चहा पिऊन परत गेला. भाचा थोडा रुसलाय. चार आणे मावशीने देवघरात ठेवलेत आणि नातू आता झाकण उघडून "घर्र" ऐकायला मागतो, म्हणून प्लग भिंतीवर उंच घ्यायला इलेक्ट्रिशियनला सांगितलंय.