शिवेवरचा वाघदेव

पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाज ज्या वाघदेवाला पूजतात, तो मूर्तिकलेच्या मापाने ओबडधोबडच असतो. लाकडी खांबावर किंवा दगडावर उथळ कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र आणि सर्वांवर शेंदराचे पुट, एवढीच त्याची घडण. मात्र तो शिवेवर, म्हणजे गावाची हद्द संपून रान सुरू होते तेथे, उभा केलेला असतो आणि त्याचा खरा अर्थ या जागेतच आहे. वाघबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी त्याला खिरीचा नैवेद्य दाखवून गुरांची राखण मागतात. याला निसर्गप्रेम म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. हा भयातून झालेला करार होता. सुंदरबनच्या खारफुटीत, म्हणजे भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जंगलात, मध काढायला शिरणारे लोक अशाच भयापोटी बनबीबी या वनदेवीला साकडे घालतात, आणि तीही तिच्या कथेत वाघरूपी दक्षिण रायला जंगलाचा वाटा नेमून देते. तिकडे वाढत्या समुद्राने बेटेच खचू लागली. इकडे शीव पुसली ती कालव्यांनी.

कुकडी प्रकल्पाच्या व चासकमान धरणाच्या पाण्यावर ऊस पसरला, आणि सोळा-अठरा महिने शेतात उभ्या राहणाऱ्या आडसाली उसात बिबट्याला, ज्याला बोलीत वाघच म्हणतात, आडोसा, पाणी आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या एकत्रच मिळाल्या. 2001 पासून जुन्नर परिसरात 29 बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या आत्रेय व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. उपायच अपाय ठरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच. पुढे ऊसतोडीत सापडलेली पिल्ले क्रेटमध्ये घालून त्याच फडात ठेवण्याची आणि रात्री मादीने ती उचलून नेण्याची वाट पाहण्याची रीत रुजली. ज्यांना सोडता येत नाही, असे बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात राहतात. खेड तालुक्यातल्याच चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला मात्र शीव नाही, नुसते कुंपण आहे. मार्च 2022 मध्ये तेथील एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला, तेव्हा काम थांबवून कामगारांना बाहेर काढावे लागले आणि वनखात्याने त्याला भूल देऊन पकडले.