क्लाइड शील्ड्सचं हृदय

डायलिसिसचा इतिहास बहुतेक ठिकाणी यंत्रापाशी सुरू होतो आणि यंत्रापाशीच संपतो. विलेम कोल्फ नावाचा डच डॉक्टर, जर्मनांच्या ताब्यातलं हॉलंड, आणि १९४३ साली सॉसेजच्या सेलोफेन नळ्यांतून फिरवलेलं माणसाचं रक्त. गोष्ट भन्नाटच आहे, प्रश्नच नाही. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. यंत्र नीट चालतं आणि माणूस तरीही जातो, ती.

कोल्फच्या यंत्राची अडचण साधी होती. दर वेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागायची. काही दिवसांत शरीरावर जागाच उरायची नाही. त्यामुळे डायलिसिस फक्त तात्पुरत्या बंद पडलेल्या किडनीसाठी. कायमची गेली असेल तर उपाय नाही.

१९६० साली सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने हे सोडवलं. हातावर टेफ्लॉनच्या दोन नळ्या कायमच्या बसवायच्या, एक धमनीत, एक शिरेत. यंत्र बंद असेल तेव्हा दोन्ही एकमेकींना जोडून ठेवायच्या. (हो, तव्यावरचंच टेफ्लॉन. रक्तही त्याला सहजासहजी चिकटत नाही.) ९ मार्च १९६० ला पहिली नळी बसली ती बोईंगमधल्या क्लाइड शील्ड्स या कामगाराला. मरणाच्या दारातला हा माणूस पुढे अकरा वर्षं जगला.

१९७१ साली तो गेला, हार्ट अ‍ॅटॅकने.

योगायोग? १९७४ साली स्क्रिब्नरच्याच गटाने आपल्या जुन्या ३९ रुग्णांचा हिशोब छापला. २३ मृत्यू, त्यातले १४ रक्तवाहिन्या कडक होण्याशी जोडलेले. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. एक मोठा बग गेला की त्याच्यामागे लपलेला दुसरा दिसायला लागतो. माणसं किडनीने मरायची थांबली, तेव्हा कुठे त्यांचं हृदय दिसलं.

कारणं बरीच आहेत. निरोगी किडनी चोवीस तास काम करते, यंत्र आठवड्यातून तीनदा चार-चार तास. मधल्या काळात पाणी साठतं, बीपी वाढतं, हृदयाची भिंत जाड होते. पोटॅशियम खालीवर होतं, ठोके बिघडतात. कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. २०११ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात तर दोन दिवसांच्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू जास्त दिसले. मग कोलेस्टेरॉलची गोळी द्यावी ना? दिली. २००५ आणि २००९ सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत डायलिसिसवाल्यांना तिचा ठोस फायदा दिसला नाही. इतरांच्या हृदयाला चालणारा उपाय इथे तसाच्या तसा चालत नाही.

हा झाला एक धागा. दुसरा संसर्गाचा, आणि त्यासाठी एडिनबरोला जावं लागतं. तिथल्या डायलिसिस विभागात १९६९-७० मध्ये हिपॅटायटिस बी पसरला. रुग्ण तर गेलेच, त्यांच्यावर उपचार करणारे कर्मचारीही गेले. रक्त बाहेर काढून परत आत घालायचं, वर अ‍ॅनिमियामुळे सतत बाहेरचं रक्त चढवायचं. विषाणूला आणखी काय हवं? वेगळी मशीन आणि रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्यावर लागण बरीच कमी झाली. १९८१ साली अमेरिकेत लसीला मंजुरी मिळाली.

पण लसही इथे अडखळली. किडनी गेली की प्रतिकारशक्तीही मंदावते. साधा डोस अनेकांना पुरत नाही, म्हणून डायलिसिसवाल्यांना हिपॅटायटिस बीचा दुप्पट डोस देतात. नंतर रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या का ते तपासायचं, आणि पुढेही दरवर्षी. पातळी १० च्या खाली गेली तर पुन्हा डोस. डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच लस घेतली तर ती जास्त चांगली लागू पडते.

आता हे दोन धागे जिथे जुळतात तिकडे येऊ. २०१८ साली कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं की फ्लू झाल्यानंतरच्या आठवड्यात हार्ट अ‍ॅटॅकचा धोका साधारण सहापट होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या अडीच हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना फ्लूची लस दिली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षभरात लसवाल्यांत मृत्यू कमी झाले. ही काही खास डायलिसिसवाल्यांची चाचणी नव्हती, हे खरं. त्यामुळे लसीने हृदय वाचतंच असा दावा मी करणार नाही. पण ज्यांचं हृदय आधीच इतकं ओझं वाहतंय, त्यांना टाळता येण्यासारखा ताप का येऊ द्यायचा?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणीतरी, आई, काका, सासरे, आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीवर बसतात. आपण फिस्टुला बघतो, बिल बघतो, नेण्याआणण्याची गाडी बघतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी शेवटची कधी तपासली? यंदाची फ्लूची लस झाली का? न्यूमोनियाची? आणि उत्तरं फाईलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा.

यंत्र आपलं काम करतंय. उरलेलं आपल्याकडे आहे.