शनवार तेल्यांची आठवण

जऊळक्याच्या कीर्तनांत चौऱ्यांशी लक्ष योनी ऐकून मला वाटे, जुनी आठवण जन्माजन्मांतूनच येत असावी. पुढे कोकणातील बेने इस्रायलांचा इतिहास वाचून थबकलो. हे तेली हिब्रू विसरले होते. पण शनिवारी घाणा बंद! शेजाऱ्यांनी नावच ठेविले, ‘शनवार तेली’.

ज्यूंच्या गूढपंथात पुनर्जन्म आहे. सोळाव्या शतकात सफेदच्या आयझॅक लूरियाने तो विस्ताराने मांडला. ख्रिस्ती धर्माचार्यांनी मात्र ५५३ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे आत्म्याच्या पूर्वास्तित्वाचे मत त्याज्य ठरविले. आमच्या तेल्याला या वादाची वार्ताही नसावी. सुंता, शेमाची प्रार्थना, शनिवार, एवढेच बापाने मुलाच्या हाती दिले. परंपरा सांगते, दाविद राहबी आला तेव्हा बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला सारले, आणि त्याने आपली माणसे ओळखली.