बांधावरचं घायपात आणि पबमधली टकिला

आमच्या शिरवळकडे शेताच्या बांधावर घायपात असतं. जाड मांसल पानं, टोकाला दाभणासारखा काटा. गुरं आत शिरत नाहीत हा एक फायदा, आणि वाख काढून दोर वळता येतो हा दुसरा. बास, संपलं! पण शुक्रवारी रात्री पुण्यात मीठ-लिंबू चाटून आपण जी टकिला मारतो, ती याच घायपाताच्या भावंडाची असते, हे किती जणांना माहीत आहे?

घायपात मूळचं मेक्सिकोचं. तिकडे अगावे म्हणतात. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथले लोक त्याचा रस आंबवून पीत. पुढे भट्टी आली आणि मेझकाल तयार झाली. नाव नहुआत्ल भाषेतलं, अर्थ भाजलेलं अगावे. सात-आठ वर्षं वाढलेल्या झाडाची पानं छाटायची, की अननसासारखा भला मोठा गड्डा उरतो. तो खड्ड्यात तापलेल्या दगडांवर टाकून, वर माती लोटून काही दिवस भाजायचा. थोडक्यात, हुरड्याच्या आगटीची मोठी बहीण! मग चेचायचा, आंबवायचा, भट्टी लावायची. धुरकट चव येते ती या भाजण्यामुळे. टकिला म्हणजे मेझकालचाच एक प्रकार, फक्त निळ्या अगावेची.

स्पेनच्या राजाने १७८५ मध्ये या दारूवर बंदी घातली होती. तरी ती टिकली. १९७४ मध्ये टकिलाच्या आणि १९९४ मध्ये मेझकालच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. खेड्यातली दारू देशाची शान झाली.

आणि आपल्याकडे? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडीत काढल्या. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. ही फुलं आदिवासींचं अन्नसुद्धा, पण सरकारला दिसला तो महसूल! इंग्रज गेले, १९४९ मध्ये दारूबंदी कायदा आला. मोहाची झाली ‘हातभट्टी’, आणि ती गाळणारा झाला गुन्हेगार.

शेजारच्या गोव्यात इंग्रजांचं राज्य नव्हतं. तिथली काजू फेणी टिकली, २००९ मध्ये तिला जीआय मिळालं. काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला, म्हणजे घायपातासारखाच पाहुणा. तेव्हा झाड परकं की देशी हा मुद्दाच नाही.

दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरं मीही पाहिली आहेत, त्यामुळे हे दारूचं कौतुक समजू नका. प्रश्न इतकाच, की एकाच्या भट्टीला ‘वारसा’ आणि दुसऱ्याच्या भट्टीला ‘धाड’ हे ठरवतं कोण?

जाता जाता: डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून दारू बनवून २०११ मध्ये गोव्यात विकायला काढली. तिला टकिला मात्र म्हणता येत नाही. नावावर मेक्सिकोचा हक्क आहे ना! मोहाच्या नावावर असा हक्क सांगायला आपल्याला अजून किती वर्षं लागणार?